नाम, आडनाव आणि अनाम : पंथातील नामकरणाचा विचार

परमेश्वराच्या नाम, मूर्ती, लीला व चेष्टा यांचे स्मरण हे साधनवंताचे नित्य कर्तव्य होय. या चारांत नाम सर्वांना सुलभ आहे. मूर्ती ज्याने पाहिली नाही व लीला ज्याला पाठ नाहीत त्यालाही नाम घेता येते. म्हणून परमेश्वरनामाविषयी पंथीय लेखनात पुष्कळ विवेचन झाले आहे. जीवाने जीवाला ठेवलेल्या नावाचा विचार मात्र त्या मानाने उपेक्षित राहिला. वासनिकाच्या घरी मूल जन्मले म्हणजे बाराव्या दिवशी पहिला प्रश्न उभा राहतो तो याच नावाचा. आजीला कुळदैवताचे नाव हवे असते, आईबापांना वर्तमानपत्रातले नवे नाव आवडलेले असते, आणि घरी आलेले महात्मे चक्रधर, गोविंद, दत्त यांपैकी एखादे सुचवितात. या तीन मतांत केवळ आवडीनिवडीचा भेद आहे असे समजणे योग्य नाही. ज्या समाजाला जे मोलाचे वाटते ते तो आपल्या नावांत ठेवतो.

नागपुरातील महाल ही जुनी वस्ती या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. भोसल्यांच्या राजवाड्यामुळे वस्तीचेच नाव महाल पडले. चिटणवीसपुरा हे नाव दरबारी पत्रव्यवहाराच्या अधिकाराचे, कोतवाली हे बंदोबस्ताचे. शुक्रवारी, इतवारी, बुधवारी, मंगळवारी ही नावे वारांची, म्हणजे बाजाराची. जुम्मा दरवाजा होता त्याचे पुढे गांधीद्वार झाले. गांधीद्वारातून आत शिरणाऱ्याला राज्य कोणाचे होते, लेखणी कोणाच्या हाती होती आणि माल कोणत्या वारी विकला जाई, हे नावांवरूनच कळते. ज्यांनी येथे माग चालविले, पाणी भरले, रस्ते झाडले, त्यांच्या नावाची गल्ली मात्र शोधावी लागते. मराठी आडनावांचीही स्थिती अशीच आहे. देशमुख, देशपांडे, फडणवीस, चिटणवीस ही अधिकाराची, सोनार, सुतार ही धंद्याची, आणि 'कर' हा प्रत्यय लागलेली गावाची. आडनाव उच्चारताच ऐकणारा मनातल्या मनात बोलणाऱ्याची पायरी ठरवून मोकळा होतो.

याला शास्त्राचाही आधार दिला गेला. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे निंदावाचक असावे असा दंडक आहे. म्हणजे जे मूल अद्याप पाळण्यात आहे, ज्याने बरे वा वाईट काहीच केलेले नाही, त्याच्या कपाळी निंदा लिहिण्याची ही तरतूद होती. खेड्यापाड्यांतून धोंडू, दगडू, केरू, कचरू, उकंडा अशी नावे ऐकू येतात, ती सगळीच या दंडकातून आलेली नाहीत. आधीची मुले दगावली म्हणून पुढच्या मुलाला दृष्ट लागू नये, एखाद्या देवतेने त्याचा लोभ धरू नये, या भीतीपोटीही ती ठेवली जात. मुलगी नको असताना झाली म्हणून 'नकुशी' हे नाव ठेवण्याची चाल तर याहून दुःखद. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींची नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली. ज्या मार्गात जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ भिन्न मानले आहेत आणि देवतेचे फळ मर्यादित म्हणून सांगितले आहे, त्या मार्गाच्या माणसाने देवतेच्या भयाने मुलाला उकिरड्याचे नाव द्यावे, यात अन्यव्यावृत्तीचा विसर पडलेला आहे हे उघड आहे.

आता लीळाचरित्राकडे वळावे. या ग्रंथाचे संशोधन व संपादन नागपुरातच मोठ्या प्रमाणावर झाले. ह. ना. नेने यांनी त्याचा आरंभ केला आणि डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली प्रत १९७८ साली राज्य शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. ग्रंथातील व्यक्तिनामांची सूची नजरेखालून घातली असता पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही की, सर्वज्ञांनी शिष्यांची जुनी नावे पुसून टाकण्याची मोहीम काढली नाही. नागदेव नागदेवच राहिले, उमाइसा उमाइसाच राहिल्या. नाग किंवा उमा ही देवतांची नावे आहेत म्हणून ती टाकावीत असा आग्रह कोठे दिसत नाही. बदलली ती हाक. नागदेव 'भट' झाले आणि पंथाने त्या शब्दाला आदराचा 'बास' जोडून भटोबास केले. नागुबाई या केवळ 'बाइसा' झाल्या आणि त्याच नावाने ग्रंथभर वावरतात. एल्हाइसेला स्वामींनी 'साधें' म्हटले. हे नाव कुळाचे नाही, गावाचे नाही, देवतेचेही नाही. तिच्या स्वभावातील ऋजुतेवर ठेवलेले ते बोट आहे. महदाइसेला स्वामी 'म्हातारी' म्हणत आणि ती सतत प्रश्न विचारी म्हणून तिला चर्चक म्हणत.

'म्हातारी' या शब्दापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. तत्कालीन समाजात विधवा आणि वृद्ध स्त्रीला हाक मारण्याचे जे शब्द रूढ होते त्यांत मान क्वचितच असे. स्वामींच्या तोंडी तोच साधा शब्द जिज्ञासेचा गौरव करणारा झाला. पुढे स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर केशिराजांनी संस्कृतात लिहिण्याचा विचार केला, तेव्हा भटोबासांनी त्यांना अडविले ते याच म्हाताऱ्यांसाठी. संस्कृतामुळे आपल्या म्हाताऱ्या वंचित होतील ही त्यांची चिंता स्मृतिस्थळात नोंदलेली आहे. पंथाच्या सर्व वाङ्मयाची भाषा ज्या शब्दाच्या निमित्ताने ठरली तो शब्द एका स्त्रीला प्रेमाने मारलेली हाक होता. नावाचे महत्त्व यापेक्षा वेगळे ते काय सांगावे?

स्त्रियांच्या नावांविषयी आणखी एक विशेष आहे. महाराष्ट्रात विवाहप्रसंगी ताम्हणातील तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहून वधूचे माहेरचे नाव बदलण्याची रीत सर्वत्र होती व काही घरांत अद्याप आहे. मुलगी सासरी गेली की तिचे बालपणीचे नाव माहेरच्या अंगणातच राहते. लीळाचरित्रातील स्त्रिया मात्र अमक्याची पत्नी किंवा तमक्याची सून म्हणून ओळखल्या जात नाहीत. बाइसा, महदाइसा, आउसा, आबाइसा, उमाइसा, हिराइसा ही सर्व नावे आपापल्या पायावर उभी आहेत. महदाइसा ही मराठीची आद्य कवयित्री. तिचे 'धवळे' तिच्याच नावावर चालत आले, कोणा पुरुषाच्या मुद्रेखाली गेले नाहीत. हिराइसेचे उदाहरण याहून बोलके आहे. लीळाचरित्राची मूळ प्रत धाडीत नाहीशी झाल्यावर ज्या स्मरणांवरून ग्रंथ पुन्हा उभा राहिला, त्यांत तिच्या स्मरणाला प्रमाणाचे स्थान मिळाले आणि तो पाठ आजही 'हिराइसा पाठ' याच नावाने ओळखला जातो. ज्या काळी स्त्रीला वेदाचे अक्षर ऐकण्याचा अधिकार नव्हता, त्या काळी ग्रंथाच्या पाठभेदाला स्त्रीचे नाव असावे ही गोष्ट अभ्यासकांनीही पुरेशी लक्षात घेतलेली नाही.

या नावांचे रूपही पाहावे. महींद्रभट्ट हे म्हाइंभट झाले, केशव हे केसो आणि मग केसोबास झाले. लोकांच्या जिभेवर नाव जसे उमटले तसेच ते पोथीत उतरले. पुढच्या काळात मात्र ही नावे पुन्हा संस्कृताकडे ओढण्याची प्रवृत्ती वाढली. महदाइसेची महदंबा झाली, हिराइसेची हिरांबिका झाली. यात दोष नाही, आदरच आहे. तथापि आदर व्यक्त करायला शब्द संस्कृतच हवा, हा ग्रह भटोबासांना मान्य झाला असता काय, हे वाचकांनीच पाहावे.

खुद्द स्वामींच्या नावांचा विचार येथे ओघाने येतो. गुजरातेत विशाळदेव व माल्हणदेवी यांचे पुत्र म्हणून ते हरिपाळदेव होते. रामटेकची यात्रा हे निमित्त करून ते निघाले आणि वाटेत रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंची भेट झाली. 'चक्रधर' हे नाम श्रीप्रभूंनी दिले अशी परंपरा आहे. हरिपाळदेव हे देहाचे व राजकुळाचे नाव तेथे मागे राहिले. ज्या रामटेकचे निमित्त झाले तेथील भोगराम हे स्थान पंथीयांना वंद्य आहे आणि नागपूरचे वासनिक आजही तेथे जातात. द्वारावतीकार श्रीचक्रपाणी हेच चांगदेव राऊळ, आणि रिद्धपूरचे गुंडम राऊळ हेच श्रीगोविंदप्रभू. लोकांनी दिलेले नाव व पंथाने स्मरलेले नाव अशी दोन्ही नावे पंथाने सांभाळली. रिद्धपूरचे लोक तर श्रीप्रभूंना आपली आई व आपला बाप मानून हाक मारीत. श्रीकृष्ण, श्रीदत्तात्रेय, श्रीचक्रपाणी, श्रीगोविंदप्रभू, श्रीचक्रधर या पाचांना मिळून पंचकृष्ण म्हणतात. नावे पाच, युगे व स्थळे वेगवेगळी, परंतु परमेश्वर एक हे तत्त्व त्या एका सामासिक शब्दात आले आहे.

अनुसरण झाले म्हणजे साधकाचे पूर्वाश्रमीचे आडनाव मागे पडते व त्याला गुरुकुळाचे नाव लागते. बीडकर, कारंजेकर, वाइंदेशकर, अंकुळनेरकर, लासूरकर ही नावे वरवर पाहता इतर मराठी आडनावांसारखीच गावांवरून आलेली आहेत. भेद असा की ती रक्ताने चालत नाहीत, दीक्षेने चालतात. एकाच गुरुकुळाचे नाव लावणारे दोन महात्मे पूर्वाश्रमी कोणत्या जातीत जन्मले हे नावावरून कोणालाही सांगता येत नाही, आणि विचारूही नये. आडनावाने जात सांगणाऱ्या समाजात जात झाकणारे आडनाव निर्माण करणे ही पंथाची फार मोठी सामाजिक कृती आहे. तिचा डांगोरा पंथाने कधी पिटला नाही. अलीकडे शासनालाही याची दखल घ्यावी लागली. डिसेंबर २०१६ मध्ये पारपत्राचे नियम सुलभ झाले, तेव्हा साधुसंन्याशांना आईवडिलांच्या जागी गुरूचे नाव लिहिण्याची मुभा मिळाली.

परंतु दीक्षेचे नावही अभिमानाचे कारण होऊ शकते, हे मान्य करावयास हवे. कवीश्वर, उपाध्ये, पारिमांडल्य इत्यादी आम्नायांची नावे ज्ञानपरंपरा ओळखण्यासाठी होती. ती मोठेपणा मोजण्यासाठी वापरली गेली की पुन्हा कुळाचाच अभिमान वेगळ्या वेषात येतो. निमंत्रणपत्रिकेवर नावाआधी लागणाऱ्या उपाध्यांची ओळ अलीकडे इतकी लांबते की मूळ नाव दुसऱ्या ओळीत शोधावे लागते. मंदिराच्या भिंतीवरील देणगीदारांच्या फरश्यांविषयी तर न बोललेले बरे. आचारप्रकरणाचा रोख याच्या नेमका उलट आहे. जेथे आपल्याला कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी, देशाच्या कडेला झाडाखाली राहून जन्म घालवावा, हा तेथील आदर्श होय. परमेश्वराचे नाम मुखी वाढत जावे आणि स्वतःचे नाव लोकांच्या मुखातून कमी होत जावे, असा तो दुहेरी अभ्यास आहे. दोन महानुभाव भेटले असता 'दंडवत प्रणाम' म्हणतात. त्या अभिवादनात लहान कोण, थोर कोण, कोणत्या कुळाचा कोण, याला जागाच नाही.

व्यक्तीच्या नावाचा विचार येथवर झाला. खुद्द पंथाच्या नावाचा इतिहास मात्र क्लेशकारक आहे. पंथाला परमार्ग, भटमार्ग, महात्मा पंथ, अच्युत पंथ अशी अनेक नावे होती. पंजाबात पंथ पोहोचला तेथे तो 'जयकृष्णी' म्हणून ओळखला गेला. पंथीयांच्या तोंडी जे नाम सतत असे त्यावरूनच शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिले. परक्या मुलखात मिळालेले हे नाव म्हणजे साधनेला मिळालेली पावतीच होय. महाराष्ट्रात, म्हणजे स्वामींनी जेथे राहण्याची आज्ञा केली त्या भूमीत, 'महानुभाव' या शब्दाचे काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे. त्याचा 'मानभाव' झाला आणि त्यापासून 'मानभावी' हे विशेषण निघून मराठी कोशांत 'वरून गोड, आतून कपटी' या अर्थाने जाऊन बसले.

येथे दोन गोष्टी वेगळ्या करणे अगत्याचे आहे. 'महानुभाव'चा 'मानभाव' होणे हा केवळ उच्चाराचा प्रकार आहे. ज्या नियमाने महिषीची म्हैस झाली आणि महींद्रभट्टांचे म्हाइंभट झाले, त्याच जातीचा हा बदल आहे. वऱ्हाडातील एखादी वृद्ध वासनिक बाई आजही महात्म्यांचा उल्लेख 'आमचे मानभाव' असा करील आणि त्यात भक्तीवाचून दुसरे काही असणार नाही. तिला शुद्ध उच्चार शिकविण्याची घाई करणारा तरुण म्हाइंभटांचे नाव मात्र जसेच्या तसे घेतो, ही विसंगती त्याच्या ध्यानात येत नाही. दुखापत उच्चाराने झालेली नाही, अर्थाने झाली आहे. तो अर्थ कसा जन्मला हेही समजून घेतले पाहिजे. अहिंसा व मृदू भाषण हा पंथाचा आचार. कठोर बोलू नये, कोणाचे मर्म काढू नये, अशी शिस्त बाळगणारा माणूस भांडणतंट्यात रुळलेल्या गावाला खोटा वाटू लागतो. त्यात पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत होत्या. काळी वस्त्रे, वेगळा आचार आणि देवतापूजेविषयी उदासीनता होती. न वाचता येणाऱ्या पोथीविषयी लोकांनी वाटेल ते कल्पिले. १७८२ साली सवाई माधवरावांच्या काळात निघालेल्या हुकमात मानभावांना निंद्य ठरविण्यात आले. सत्तेने मोहोर उठविल्यावर गावोगावच्या म्हणींना काय अडचण होती!

पुढे इंग्रजी अमदानीत या नावावर आणखी एक आवरण चढले. मध्य प्रांताचे राजधानीचे शहर नागपूर. त्या प्रांतातील जातीजमातींचा रसेल व रायबहादूर हिरालाल यांचा इंग्रजी ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 'मानभाव' ही नोंद इतर जातींच्या नोंदींबरोबर आहे. ज्या पंथाने अनुसरलेल्याचे आडनाव बदलून जात पुसली, तो पंथ सरकारी दप्तरात एक जात म्हणून दाखल झाला, आणि तोही बिघडलेल्या नावाने. पुढे राजवाडे, भावे, य. खु. देशपांडे, नेने, कोलते आदी संशोधकांच्या परिश्रमाने लिप्यांचा उलगडा होऊन ग्रंथ उजेडात आले, आणि विद्वानांच्या लेखनात 'महानुभाव' हा शब्द पुन्हा प्रतिष्ठेने येऊ लागला. २०२४ पासून तर रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ उभे राहत आहे. तरीही कोशातला 'मानभावी' तसाच आहे. वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांत तो सर्रास येतो आणि लिहिणाऱ्याला आपण एका समाजाचे नाव शिवी म्हणून वापरीत आहोत याची जाणीवही नसते. पंथीयांनी संताप करावा असे हे नाही, पण गप्प बसावे असेही नाही. शाळेत हा शब्द वाक्यात उपयोग करण्यासाठी दिला जातो, तेव्हा वर्गात बसलेल्या वासनिकाच्या मुलाने काय लिहावे? शिक्षकांना शब्दाचा उगम शांतपणे सांगणे, ढोंगी, दांभिक, कावेबाज असे दुसरे शब्द मराठीत विपुल आहेत हे दाखवून देणे, एवढे तरी प्रत्येकाला करता येईल.

नाव बदलल्याने माणसाचे स्थान बदलते, याचा मोठा दाखला नागपूरनेच पाहिला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. त्यानंतरच्या पिढीत धोंडू-कचरूंच्या घरी सिद्धार्थ, राहुल, आनंद, गौतमी, सुजाता, संघमित्रा जन्माला आले. निंदावाचक नावाचा दंडक एका पिढीत मोडला. पंथाचा मार्ग व तो मार्ग तत्त्वतः भिन्न आहेत, परंतु नावाच्या बाबतीत दोघांनी ओळखलेले दुखणे एकच आहे.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे यावे. वासनिकाच्या घरी देवतावाचक नाव ठेवावे की नाही? लीळाचरित्राचा आधार घेतला तर आधीच ठेवलेले नाव बदलण्याची सक्ती दिसत नाही. उपदेश घेतलेल्या गणेशाने किंवा दुर्गाबाईने नावापायी अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. परंतु नव्याने ठेवावयाच्या नावाची गोष्ट निराळी. तेथे निवड आपल्या हाती आहे. मुलाला हाक मारताना दिवसातून शंभर वेळा जे नाव घरातल्यांच्या मुखी येणार, ते परमेश्वराचे किंवा त्याच्या सान्निध्यातील भक्ताचे असेल तर स्मरणाला आधार होतो. नागदेव, दामोदर, महदाइसा, हिरा, साधना यांसारखी नावे आजच्या शाळेतही ओशाळवाणी वाटण्याजोगी नाहीत. अर्थ न पाहता केवळ दोन अक्षरांचा नाद आवडला म्हणून ठेवलेल्या नावाचे मात्र काय करावे ते समजत नाही. मुलाने मोठेपणी अर्थ विचारला म्हणजे आईबाप एकमेकांकडे पाहतात.

नावाच्या नोंदीचीही एक गोष्ट वासनिकांनी माहीत करून घ्यावी. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या शासकीय कागदपत्रांत बालकाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे व शेवटी आडनाव असा क्रम महाराष्ट्र शासनाने ठरविला आहे. आईचे नाव आता बंधनकारक आहे. काही घरांत याविषयी कुरबुर ऐकू येते. पंथीयांना तरी यात नवे काही वाटू नये. पोथी उघडली असता हरिपाळदेवांच्या मातोश्री माल्हणदेवी, श्रीप्रभूंच्या नेमाइसा, श्रीचक्रपाणींच्या जनकाइसा आणि भटोबासांच्या आबाइसा, या सर्व मातांची नावे तेथे आधीपासून लिहिलेली आहेत.